समुद्रात गेले म्हणजे संपले का?

सागरी प्रदूषणाचा पाठ सुरू झाला की कळमनुरीसारख्या गावातल्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, एवढ्या मोठ्या समुद्रात थोडा पारा मिसळला तर काय बिघडणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण मुंबईजवळच्या उल्हास नदीच्या खाडीत शोधू.

मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा तयार करतात. जुन्या पद्धतीत यासाठी पाऱ्याचा ऋणाग्र वापरीत, आणि थोडा थोडा पारा सांडपाण्याबरोबर निसटत असे. अशा कारखान्यांचे सांडपाणी उल्हासच्या खाडीत येई. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना तेथील गाळात नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक पारा आढळला. पारा हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही. पाण्यातून तो गाळाच्या कणांना चिकटतो आणि तळाशी बसतो.

गाळात प्राणवायू नसतो. तेथील काही जीवाणू पाऱ्याचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पदार्थ शरीरात सहज शिरतो, पण बाहेर मात्र फार सावकाश पडतो. फळ्यावर एक हिशेब मांडून पाहू. समजा, रोज १ भाग शरीरात येतो आणि साठ्याचा १ टक्का बाहेर जातो. साठा किती झाल्यावर आवक-जावक सारखी होईल? १०० भाग! रोजचा कण किरकोळ, साठा मात्र शंभरपट. लहान मासा, त्याला खाणारा मोठा मासा, शेवटी माणूस, अशी पायरीगणिक त्यात भर पडते. सर्वच धातू असे वागत नाहीत. शिसे व कॅडमियम मोठ्या माशांपेक्षा कालवे, तिसऱ्या अशा पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत अधिक साठतात.

याची किंमत जपानमधील मिनामाता गावाने मोजली. तेथील रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. आधी मांजरे वेड्यासारखी वागू लागली, मग कोळ्यांची घरे आजारी पडली. स्वतः ठणठणीत दिसणाऱ्या काही मातांच्या पोटी मेंदूला इजा झालेली मुले जन्मली. कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी थांबले ते १९६८ साली. पाऱ्याचा वापर आवरणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली त्याच गावाच्या नावाने झाला. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली.

म्हणजे बाटलीभर पाणी तपासून खाडी स्वच्छ ठरवता येत नाही. गाळ आणि शिंपलेही तपासावे लागतात. रोज मासळी खाणाऱ्या कोळ्याच्या घरी हा प्रश्न ताटातला आहे.

आणि आपल्यापासून समुद्र लांब आहे का? नकाशा उघडा. इसापूर धरणाखालची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. फुटलेला तापमापक किंवा जुनी ट्यूबलाइट नाल्यात टाकण्यापूर्वी विद्यार्थ्यांना ही वाट बोटाने गिरवायला सांगा.