घुमणाऱ्या पेटीचे पथ्यपाणी

दोन खोल्यांच्या संसारात माणसांना जागा पुरवता येते, आवाजाला पुरवता येत नाही. तरीही बहुतेक आवाज शहाणे असतात. कुकर चार शिट्ट्या देऊन गप्प होतो, मिक्सर पाच मिनिटांत थांबतो, शेजारचा टीव्हीदेखील अकराच्या सुमारास विश्रांती घेतो. परंतु अलीकडे पुष्कळ घरांत असा एक पाहुणा येऊन राहिला आहे, की घर निजले म्हणजे तो खरा घुमू लागतो. तो पाहुणा म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा छोटेखानी संगणक आणि त्याच्या पोटातले ग्राफिक्स कार्ड.

हे कार्ड हौसेचेच असते असे नाही. कुणी घरी बसून परदेशी कंपनीचे काम करतो, कुणी चित्रफिती जोडतो, कुणी आराखडे काढतो. एका पडद्यावर आता भागत नाही. दोन-तीन पडदे शेजारी शेजारी लागतात. जागेच्या टंचाईमुळे पेटी मात्र लहानच हवी. मग एकाची भाकरी आणि दुसऱ्याची झोप एकाच खोलीत येऊन बसतात.

आमच्याच घरातले पाहा. माझी पुतणी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे काम रात्री एकपर्यंत चालते, आणि त्याच खोलीत माझ्या आईची कॉट आहे. पेटी घुमू लागली की आई अंथरुणातून म्हणे, “अगं, ते विमान एकदाचं उतरव गं!” पोरीला काम टाकवेना, आजीला झोप येईना. मुलीने वसतिगृहात खोली पाहावी की काय, इथवर बोलणे गेले. दुकानदाराने सल्ला दिला, आणखी एक पंखा बसवा. आवाजावर उपाय म्हणून आणखी एक आवाज!

खरे पाहता आवाज हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. रोग आहे उष्णता. कार्ड जेवढी वीज खाते, तेवढी सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. २०० वॅटचे कार्ड म्हणजे जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन दिवे, आणि तेही कोंडलेले कशात, तर पंधरा किलो तेलाच्या डब्याहून लहान अशा पेटीत! १९९६ साली आलेल्या ‘व्हूडू’ कार्डांना पंखाच नव्हता. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॅटचे, तर २०२५ मधील आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचे आहे. तेव्हा वैद्य जसा आधी आहार विचारतो, मग हवापाणी पाहतो आणि अखेरीस औषधाकडे वळतो, तोच क्रम इथेही ठेवला पाहिजे.

पहिले पथ्य : मिताहार

अनेक पडदे असलेल्या संगणकाची एक खोड फारशी कुणाला ठाऊक नसते. कार्डावर स्वतःची मेमरी असते, आणि काम नसले की तिचा वेग उतरवून वीज वाचवण्याची सोयही असते. पण वेग बदलण्याच्या त्या क्षणी मेमरीतून चित्र वाचता येत नाही. म्हणून पडद्यावरचे एक चित्र पुरे होऊन दुसरे सुरू होण्यापूर्वी जी सूक्ष्म फट असते, तिच्यातच हा बदल उरकावा लागतो. एक पडदा सेकंदाला १४४ वेळा आणि दुसरा ६० वेळा रंगवला जात असला, की दोघांच्या फटी जुळत नाहीत. दोन गवई दोन लयींत गात असावेत आणि तबलजीने दोघांच्या समेची वाट पाहावी, त्यातला हा प्रकार. मग पुष्कळ कार्डे वेग उतरवतच नाहीत. पडद्यावर नुसते एक पत्र उघडे असले तरी कार्ड तापत राहते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० मालिकेत ही गोष्ट इतकी ठळक होती, की कंपनीने ती ज्ञात दोषांच्या यादीत नोंदवली आणि पुढे ड्रायव्हर सुधारून ती बरीच कमी केली.

उपाय फुकटचा आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन सर्व पडद्यांचा रिफ्रेश रेट सारखा, शक्यतो ६० ठेवावा. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल, तर एखादा पडदा कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जोडणीवर लावावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यात मात्र ही सोय नसते. असे करून नुसते ३० वॅट वाचले, तरी रोज आठ तासांच्या हिशेबाने महिन्याला सुमारे सात युनिट होतात.

दुसरी गोष्ट, कार्डाला विजेची मर्यादा घालून द्यावी. कार्डे कारखान्यातून येतात ती शर्यतीच्या तयारीने. शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी ती बेसुमार वीज खातात. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर लिमिट’ शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणली, तर वेग त्या मानाने फारच थोडा उतरतो. व्होल्टेज कमी करणे हा त्यापुढचा उपाय. चिपमध्ये कामापायी खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले, की तीच वीज १९ टक्क्यांनी उतरते. हे मात्र एकेक पायरीने करावे. फार उतरले तर संगणक अडखळतो किंवा बंद पडतो. मग एक पायरी वर यावे.

दुसरे पथ्य : मोकळा श्वास

आपल्याकडे प्रत्येक यंत्राला झबले घालण्याची चाल आहे. टीव्हीला विणलेला रुमाल, मिक्सरला टोपडे, फ्रीजला झालर. संगणकावर हे प्रेम करू नये. पेटी शोकेसच्या कप्प्यात कोंबली किंवा भिंतीला टेकवली, तर ती स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढून घेते. चारी बाजूंनी वीतभर जागा सोडावी. परीक्षा सोपी आहे. बाजूचे झाकण दहा मिनिटे काढून ठेवावे. तापमान झपाट्याने उतरले, तर दोष कार्डाचा नसून कोंडमाऱ्याचा आहे असे समजावे. अशा वेळी काचेच्या झाकणाऐवजी जाळीचे झाकण हितकर.

धूळ हा दुसरा शत्रू. तिला फोडणीच्या धुराची जोड मिळाली, की पंख्यावर तिचे पुटच चढते. स्वच्छ करताना विजेची जोडणी काढावी, पाते बोटाने धरून ठेवावे आणि मऊ कुंचल्याने झाडावे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर कार्डाजवळ नेऊ नये. त्यातून उपजणारी स्थिर वीज नाजूक भागांना बाधते.

तिसरे : औषध

एवढे झाल्यावर पंख्याकडे वळावे. पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबलचा उतारसुद्धा कानाला निम्म्यासारखा वाटतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा संथ फिरवावा. कानाला खुपतो तो सततचा चढउतार. तेव्हा पंख्याच्या वेगाचा आलेख सौम्य चढणीचा करून घ्यावा. पुष्कळ कार्डांत, ती गार असली म्हणजे पंखा अजिबात थांबवण्याची सोयही असते.

आकड्यांची धास्ती मात्र नको. काम चालू असताना कार्ड ७०-७५ अंश सेल्सिअसवर असले तर काळजीचे कारण नाही. परदेशी परीक्षणे वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूरच्या वैशाखात खोलीच पस्तिशीला पोहोचते आणि तेवढे अंश कार्डावर चढतात. आपल्याला हवी आहे ती शांतता, विक्रम नव्हे.

आमच्या पुतणीने तिन्ही पडदे एका लयीत आणले, मर्यादा पाऊणावर ठेवली आणि शोकेसमधली पेटी टेबलावर मोकळी मांडली. आता साधे काम चालू असताना पंखा फिरतच नाही. आराखड्यावरून हुबेहूब चित्र तयार करण्याचे अवजड काम निघाले, की मात्र पेटी अजूनही घुमते. त्यावर आजी-नातीनेच तोड काढली. ते काम आजीच्या मालिकेच्या वेळी लावायचे. वसतिगृहाचा विषय पुन्हा निघालेला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरतो, छताच्या पंख्याची पाती पुसली जातात. त्यातला अर्धा तास या पेटीला द्यावा. आधी पडद्यांच्या लयी पाहाव्यात, मग धूळ झाडावी आणि सगळ्यात शेवटी खिशात हात घालावा. बहुतेक घरांत तोवर त्याची गरजच उरलेली नसते.