उघडं दार आणि न चालणारे पाय

मंडळी, आपण म्हणतो, सरकारी दवाखाना सर्वांना खुला आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या आजीला त्या उघड्या दाराचा काय उपयोग? समान वागणूक द्यायची, तर तिच्यापाशी आपणच चालत जायला हवं. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात तशी तरतूद आहे : उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अशा वृद्धांच्या घरी जावं, घरच्यांना शुश्रूषा शिकवावी. केरळात तर २००८च्या धोरणानंतर पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. आता सपाट प्रदेशात एका उपकेंद्राकडे साधारण ५००० माणसं. काम सोपं नाहीच. तरी आपण उपकेंद्रात जाऊन विचारू या, आमच्या आजीकडे कोण येणार, कोणत्या वारी? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू.