स्वयंपाकघरात सापडलेले चार पंचकोन

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. गणित शिकलेला आणि गणित जाणणारा हे दोघे एकच असतात असे नाही, हे आम्ही या धंद्यात पाहिले. आमच्याकडून माल नेणाऱ्या एका कटिंग मास्टरला सहीपुरतेच लिहिता येई. पण सदऱ्याचे भाग तो कापडावर असे उलटसुलट मांडी की, कतरण मुठीत मावे. कसे जमते, विचारले तर म्हणे, "सेठ, हाताला कळतं." तो गेला, त्याची रीतही गेली. ती कोणी कागदावर उतरवून घेतली नाही. आम्हीही नाही.

त्याची आठवण आम्हाला मार्जोरी राइस या अमेरिकन गृहिणीची हकिगत वाचून झाली. बाई सॅन दिएगोच्या, शिक्षण हायस्कूलपर्यंत, पदरी पाच मुले.

प्रश्न लाद्यांचा होता. एकाच आकाराच्या लाद्यांनी फट न ठेवता जमीन भरायची. त्रिकोण किंवा चौकोन कोणताही घ्या, भरते. पंचकोनाचे तसे नाही. सगळ्या बाजू व कोन सारखे असलेल्या पंचकोनाचा एक कोन 108 अंशांचा. एका बिंदूभोवती तीन लाद्या लावल्या की 324 अंश होतात. उरलेल्या 36 अंशांत चौथी मावत नाही. म्हणून बाजू व कोन कमीजास्त करून जमणारे पंचकोन शोधावे लागतात. कोपरा आत न वळणाऱ्या अशा पंचकोनांचे पाच प्रकार जर्मनीच्या कार्ल राइनहार्ट यांनी 1918 साली दिले. 1968 साली अमेरिकेच्या रिचर्ड कर्शनर यांनी आणखी तीन दिले आणि यादी पुरी झाल्याचे जाहीर केले.

जुलै 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हा विषय मांडला. तो वाचून रिचर्ड जेम्स या वाचकाने नववा प्रकार शोधून पाठवला. पुरी म्हटलेली यादी अपुरी निघाली. राइसबाईंच्या घरी हे मासिक मुलासाठी येत असे. बाई ओट्यावर आकृत्या काढू लागल्या. कोणी आले की कागद झाकून ठेवीत. गणिताची चिन्हे ठाऊक नव्हती, म्हणून खुणा स्वतःच्याच बनवल्या. 1976 आणि 1977 या दोन वर्षांत त्यांनी चार नवे प्रकार शोधले.

पुढची गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. बाईंनी कागद गार्डनर यांना पाठवले, त्यांनी ते डोरिस शॅटश्नायडर या प्राध्यापिकेकडे दिले. त्या खुणा आधी त्यांनाही उमगल्या नाहीत. तरी कागद बाजूला न टाकता त्यांनी तपासले, खरे ठरवले आणि श्रेय बाईंच्या नावे दिले. पुढे 1985 साली चौदावा आणि 2015 साली संगणकाच्या मदतीने पंधरावा प्रकार मिळाला. 2017 साली फ्रान्सच्या मिकाएल राव यांनी याहून जास्त प्रकार नाहीत, असे सिद्ध केले. बाई त्याच वर्षी वारल्या.

मात्र हाताला कळलेले सगळेच खरे असते असे नाही. दहाव्या शतकात बगदादचे गणिती अबुल वफा बुझजानी यांनी कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. तीन सारखे चौरस कापून एक मोठा चौरस जोडण्याच्या कारागिरांच्या काही रीती त्यांनी तपासल्या. नजरेला त्या बरोबर दिसत, पण हिशेबात चुकत. विद्वानांनाही त्यांनी सोडले नाही. पुरावा येतो, पण प्रत्यक्ष कापणे-जोडणे जमत नाही, हा त्यांचा दोष दाखवला. मग बरोबर रीत त्यांनी स्वतः दिली.

तेव्हा आमची कारागीर बंधूंना विनंती आहे. मांडणीची, कापणीची, मापाची स्वतःची रीत असेल तर ती वहीत काढून ठेवा, खुणा कसल्याही चालतील. घरातल्या शिकल्या मुलाला किंवा शाळेच्या मास्तरांना ती दाखवा, चूक निघाली तर दुरुस्त करा. आणि व्यापारी बंधूंनी आमच्यासारखे करू नये. मास्टर कामावर आहे, तोवरच त्याच्याजवळ वही-पेन्सिल घेऊन बसावे.