टर्मिनल ब्लॉक निवडताना

कंट्रोल पॅनेल बंद पडले की संशय आधी सर्किट बोर्डावर जातो. पण दोष पुष्कळदा तारेच्या टोकाशी, सैल जोडात असतो.

जोड सैल झाला की तिथला रोध वाढतो आणि उष्णता तयार होते. हिशेब सोपा आहे : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रवाह 10 अँपिअर आणि जोडाचा रोध 0.05 ओहम असेल, तर तेवढ्याशा जागेत सतत 5 वॅट उष्णता निर्माण होते. प्लॅस्टिक आधी काळवंडते, मग वितळते.

म्हणून टर्मिनलचे रेटिंग लागणाऱ्या प्रवाहापेक्षा जास्तच घ्यावे. बंद पेटीत हवा खेळत नाही आणि उष्णता साठते, म्हणून तिथे ही काळजी अधिकच घ्यावी. व्होल्टेजही पाहावे. 2.54 मिलिमीटर अंतराच्या पिना कमी व्होल्टेजच्या सिग्नलला चालतात. 230 व्होल्टसाठी जास्त अंतराचे, त्या व्होल्टेजचे रेटिंग असलेले ब्लॉकच हवेत. मोटारीजवळ, गाडीत, जिथे सतत हादरे बसतात तिथे स्क्रू हळूहळू ढिले होतात. तिथे स्प्रिंग-क्लॅम्प टर्मिनल बरे. वरचेवर काढावा लागणारा जोड प्लग-सॉकेटचा असावा.

अनेक पदरी तारेच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली आवळू नका. सोल्डर मऊ असते. दाबाखाली ते सरकते आणि पकड सुटते. त्याऐवजी टोकावर योग्य मापाचा लग क्रिंप करा. शेवटी प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा. या एका मिनिटाने मोठी दुर्घटना टळू शकते.