विश्लेषण : बॅटरी खराब होते उन्हाळ्यात, कळते थंडीत! कारची बॅटरी नेमकी कधी बदलावी?

सकाळची घाईची वेळ. मुलांना शाळेत सोडायचे असते, किल्ली फिरवली जाते आणि बोनेटखालून नुसता ‘टक-टक’ आवाज येतो. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालणारी गाडी आज सेल्फच घेत नाही. मग मेकॅनिकला फोन होतो आणि बहुतेक वेळा निदानही ठरलेले असते : ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ काही हजार रुपयांचा हा खर्च दर वेळी गरजेचा असतो का? आणि बॅटरी दगा देणार, हे आधी ओळखता येते का?

बॅटरी किती वर्षे टिकते?

पेट्रोल आणि डिझेल कारमध्ये सहसा १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये शोधलेले हे तंत्र आजही टिकून आहे. आपल्याकडील हवामानात ही बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे चालते. मात्र, हा केवळ अंदाज. रोज लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीत ती त्याहून अधिक टिकू शकते, तर सोसायटीत आठवडा-आठवडा उभ्या असलेल्या गाडीत दोन वर्षांतही मान टाकते. बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्येही मोठ्या बॅटरीखेरीज दिवे, लॉक आणि संगणकीय यंत्रणेसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

उन्हाळा मोठा शत्रू का?

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले सल्फ्युरिक अ‍ॅसिड असते. तापमान वाढले की पट्ट्या गंजण्याचा वेग वाढतो आणि आतील पाणी कमी होते. तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिले तर बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बोनेटखाली उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते.

पण गरम हवेत इंजिन सहज सुरू होते, त्यामुळे हे नुकसान लक्षात येत नाही. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की इंजिन ऑइल घट्ट होते, सेल्फला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी थंडीमुळे बॅटरीची ताकदही कमी होते. उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते.

छोट्या फेऱ्यांनी काय बिघडते?

गाडी सुरू करताना बॅटरीतून काही क्षणांत मोठा विद्युतप्रवाह खेचला जातो. ही तूट गाडी चालताना अल्टरनेटर भरून काढतो. भाजी आणायला पाच मिनिटांची फेरी मारली, तर ती तूट पूर्ण भरत नाही. बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. उभ्या गाडीतही अलार्म आणि डॅशकॅम थोडी थोडी वीज खात असतात. त्यावर उपाय म्हणून अनेक जण जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात, पण त्याने फारसे चार्जिंग होत नाही. आठवड्यातून एकदा किमान अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवणे उत्तम.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

सेल्फ मारताना इंजिन जड फिरणे, त्या वेळी दिवे एकदम मंद होणे, बॅटरी फुगणे किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. फुगलेली किंवा गळणारी बॅटरी तातडीने बदलावी. अन्यथा आधी तपासणी करावी.

साधा मल्टिमीटरही बरेच सांगतो. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ हवा. तो वाढतच नसेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा वायरिंगचा असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी काही दिवसांत तीही उतरेल. कधी कधी टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमल्याने किंवा ते सैल झाल्यानेही गाडी सुरू होत नाही. पूर्ण चार्ज करूनही ‘लोड टेस्ट’मध्ये बॅटरी नापास झाली, तरच ती बदलावी.

नवी घेताना काय पाहावे?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचीच बॅटरी घ्यावी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी ‘स्टार्ट-स्टॉप’ यंत्रणा असेल, तर त्यासाठीची खास बॅटरीच लागते. उत्पादनाची तारीख तपासावी, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते. वॉरंटीत किती महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल आणि किती महिने फक्त किमतीत सूट मिळेल, हे विचारून घ्यावे. पावतीवर तारीख आणि बॅटरीचा क्रमांक असावा.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये. शिसे विषारी असते आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी देणे बंधनकारक आहे. दुकानदाराला परत दिल्यास नव्या बॅटरीच्या किमतीत सहसा सूटही मिळते.

थोडक्यात, बॅटरीला तीन वर्षे झाली की वर्षातून दोनदा, उन्हाळ्यानंतर आणि थंडीच्या तोंडावर, तिची तपासणी करून घ्यावी. दहा मिनिटांच्या या तपासणीमुळे अवेळी रस्त्यात अडकणे टळते आणि चांगली बॅटरी उगाच बदलण्याचा खर्चही वाचतो.