कारण आधीच का येतं?

मुरुडच्या कोळीवाड्यात समुद्राचं वेळापत्रक पोरांनाही ठाऊक असतं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. शाळेत विज्ञान शिकवताना मी याच भरतीपासून सुरुवात करत असे. चंद्र-सूर्याचं आकर्षण हे कारण, भरती हा परिणाम. पण ज्या गणिताने पुढच्या वर्षीची भरती सांगता येते, त्याच गणिताने संभाजीराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला त्या दिवसांतलीही काढता येते. न्यूटनच्या नियमांना काल आणि उद्या सारखेच. म्हणूनच १९१२ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी मांडलं, की प्रगत भौतिकशास्त्राला कारणाची कल्पना लागतच नाही.

मग आमच्या वाडीतल्या विहिरीकडे पाहा. पोफळीवरून सुपारी पडली की तरंग काठाकडे जातात. काठाकडून तरंग मध्यभागी गोळा झाले आणि सुपारी वर उडाली, असं कधी घडत नाही. प्रकाशाचंही तसंच. प्रकाशाचं वर्णन करणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांना मात्र दोन्ही उत्तरं चालतात: उगमातून पसरणारी लहर आणि उगमाकडे गोळा होणारी. दुसरं आपण टाकून देतो. कोणत्या अधिकाराने?

कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी हा प्रश्न ऐन पंचविशीत हाती घेतला. भौतिकशास्त्रज्ञ व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये दोन्ही उत्तरांना समान मान दिला होता. विश्वातलं द्रव्य लहर शोषताना प्रतिसाद देतं आणि त्यात उलटी लहर पुसली जाते, असा त्यांचा विचार. पण प्रसरण न पावणाऱ्या विश्वात हे गणित काळाच्या दोन्ही दिशांनी सुटतं. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि नारळीकर यांनी केंब्रिजमध्ये ते प्रसरण पावणाऱ्या विश्वात मांडलं. उलटी लहर पुसली जायची तर भविष्यात लहर पूर्ण शोषली जायला हवी. नवं द्रव्य निर्माण होत राहणाऱ्या स्थिर-स्थिती विश्वात ती शोषली जाते, विरळ होत जाणाऱ्या महास्फोटी विश्वात नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९६५ मध्ये महास्फोटाची खूण मानल्या गेलेल्या वैश्विक सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर पर्यायी विश्वरचना मांडत राहिले. त्यांचं विश्वाचं चित्र मान्य नसलं, तरी आधी कारण आणि मग परिणाम ही शिस्त अवघ्या विश्वाच्या घडणीतून येत असेल, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

२० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. शिक्षकांनो, समीकरणाचं टाकून दिलेलं उत्तरही मुलांना दाखवा आणि ते का टाकलं, हे त्यांना विचारू द्या.