गाडीचं दारच वाजतं

साडेसहा इंची नवा स्पीकर खोक्यातून काढा आणि दारात बसवायच्या आधी नुसता हातात धरून वाजवून बघा. चांगले पैसे मोजून आणलेला असला, तरी आवाज पोकळ येईल. गायिका ऐकू येईल, पण डग्गा जवळजवळ गायब. आता पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला त्याच मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट टेकवा. डग्गा परत येतो! स्पीकर तोच, टेप तोच, आवाजाचं बटणही होतं तिथेच.

कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे एका स्पीकरमधून कायम दोन आवाज निघतात, एकमेकांच्या बरोब्बर उलटे. खर्जाच्या लाटा फार लांब असतात. ६० हर्ट्झची एक लाट जवळजवळ पावणेसहा मीटरची. अशा लाटा स्पीकरच्या कडेला सहज वळसा घालतात, एकमेकींना गाठतात आणि पुसून टाकतात. पुठ्ठा ही गाठ पडू देत नाही, बस.

जुन्या ऑल्टोचे किंवा सँट्रोचे स्पीकर स्वतः बदलायला बसलेल्याने हे आधी लक्षात घ्यावं. अशा गाड्या उपनगरांत अजून भरपूर दिसतात: मुलुंड-घाटकोपरला एमएच-०३, अंधेरीला एमएच-०२, आणि बोरिवलीचं एमएच-४७ बरंच नंतर आल्यामुळे तिथल्या जुन्या गाड्याही एमएच-०२च. पंधरा वर्षं उलटली की आरटीओत जाऊन पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवायची, आणि गाडी चालूच. अशा गाडीत पुठ्ठ्याचं काम करतं ते दार.

ते कसं, हे डोअर पॅड काढल्यावर दिसतं. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत फडकं घालून ते इकडून तिकडे घासत ओढलं, की क्लिप टणकन उडते. कुठे उडाली ते बघून ठेवा. मग स्क्रू, कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा, आणि पॅड हातात. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं दिसतात. काचेची यंत्रणा तिथूनच बसवलेली असते. त्यांवर कारखान्यातून पातळ प्लास्टिक चिकटवलेलं येतं, आणि जुन्या गाडीत ते बहुधा कुठल्यातरी काचदुरुस्तीत फाटलेलं असतं. मग स्पीकरच्या मागचा उलटा आवाज त्या भोकांतून थेट गाडीत. हजारो रुपयांचा स्पीकर इथे हरतो. भोकं नीट बंद करून पत्र्यावर डॅम्पिंग शीटचे तुकडे रोलरने दाबून चिकटवले, तर जुना स्पीकरसुद्धा सुधारतो. या शीटमध्ये ब्युटिल रबराचा थर आणि वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि ती थरथर उष्णता होऊन विरते. सगळं दार मढवायची गरज नाही. पाव भाग झाकला तरी पत्र्याचा नाद बराच बसतो.

पण सगळंच बंद करून चालत नाही, आणि याचं कारण आपला पाऊस. काचेच्या खालच्या रबरापाशी पाणी अडतं असा आपला समज असतो. ते अडत नाही. काचेवरून ओघळणारं बरंचसं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. दार घडवलेलंच तसं असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला ती गोष्टच वेगळी, पण साध्या आषाढसरीतही तुमचा स्पीकर पाण्याच्या वाटेवर बसलेला असतो. म्हणून तळाची भोकं कधीही बुजवायची नाहीत, नाहीतर पत्रा सडतो. स्पीकरखालची रिंग एमडीएफची नको, ती फुगते, प्लास्टिकची घ्या. कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि त्याची कडा रबराची हवी. फोमची कडा आपल्या दमट उकाड्यात काही वर्षांत चुरा होऊन गळते.

आता खोक्यावरचे वॉट. लॅमिंग्टन रोडला कुठलाही टेप उचला, ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेलं असतंच. हा आकडा येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात, आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. सापडले पन्नास! फक्त ते मिळवायला गाण्याची गोलसर लाट पार चौकोनी होईपर्यंत चिरडावी लागते. स्वच्छ सुराला गणितानेच निम्मे उरतात, आणि प्रत्यक्षात वीसच्या आसपास. मग ‘३०० वॉट’ लिहिलेल्या स्पीकरचं करायचं काय? त्यापेक्षा बारीक अक्षरातली संवेदनशीलता वाचा. ८९ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर टेपची ताकद दुप्पट केल्यासारखंच. इथेही एक गंमत चालते: काही कंपन्या हा आकडा १ वॉटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट, त्यामुळे तीन डेसिबल फुकटात पदरात.

तारा जोडताना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल जवळ ठेवा. स्पीकरला क्षणभर लावला आणि कोन बाहेर आला, तर सेलचा प्लस जिथे लागला तो स्पीकरचा प्लस. बाजारातल्या टेपला बहुधा पांढरी तार पुढच्या डाव्याची, राखाडी पुढच्या उजव्याची, आणि काळी रेघ असलेली ती मायनस. ही मायनस बॉडीला जोडू नका. हल्लीच्या टेपमध्ये दोन्ही तारांतून आवाज वाहतो आणि आतला आयसी जळू शकतो. एका दाराचा प्लस-मायनस उलटा झाला, तर डावं दार हवा दाबत असताना उजवं ती ओढून घेतं. मग सगळं नवंकोरं असूनही खर्ज लागत नाही, आणि गाणारा नेमका कुठे बसलाय ते कळत नाही.

सगळ्यात नवल वाटतं ते छोट्या गाडीच्या नशिबाचं. मारुती ८०० बंपरपासून बंपरपर्यंत जेमतेम ३.३ मीटर, आतली जागा त्याहून लहान. तिथे साधारण ७० हर्ट्झच्या खाली अर्धी लाटसुद्धा मावत नाही. मग लाट अशी फिरतच नाही. कोन हलला की गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सुटते, आणि तुमचा कान त्याच हवेत असतो. सूर जितका खाली जाईल तितका हा फायदा वाढतो, हिशेबाने दर सप्तकाला १२ डेसिबल. पत्रा लवतो, फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात कमी, तरीही फुकटच. लांबलचक एसयूव्हीत हा फायदा आणखी खालच्या सुरांपासून सुरू होतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावर वेग घेतला, की टायरची घरघर नेमकी याच पट्टीत येऊन तो झाकते. पण एलबीएस मार्गावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, काचा बंद आणि एसी चालू, तो पुरेपूर मिळतो. एवढ्याशा गाडीत अर्धी डिकी खाणारा सबवूफर घालणं मला तरी उधळपट्टी वाटते. आधी दारं बंदिस्त करा, महिनाभर ऐका. तरीही कमी वाटलं, तर सीटखाली बसणारा आठ इंची पुरे.